आधी कागद, मग चेंडू : मान्यता नसलेल्या देशांची फुटसाल स्पर्धा भरवायची तर

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. बरीच वर्षं लंडनच्या पश्चिमेला राहतो. आठवडाभर एका गोदामात माणसांच्या शिफ्टा लावतो आणि शनिवार-रविवार फुटसालच्या, म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलच्या, टेबलावर बसतो. टेबलावर म्हणजे टाइमकीपर. घड्याळ थांबवायचं, चालू करायचं, फाउल मोजायचे, भोंगा वाजवायचा. खेळाडू म्हणून मी कधीच कुणी नव्हतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांतला एक, एवढीच माझी फुटबॉलची पात्रता.

जून २०१८ मध्ये लंडनला कोनिफाचा विश्वचषक झाला. कोनिफा ही २०१३ साली सुरू झालेली संघटना. फिफाच्या २११ सदस्यांत ज्यांना जागा नाही अशांना ती खेळवते: ज्यांचं राज्य कुणी मानत नाही ते, देश सोडावा लागलेले, एखाद्या देशात अल्पसंख्य म्हणून राहणारे, नुसतेच एखाद्या प्रांताचे. लंडनला सोळा संघ होते. तिबेट, उत्तर सायप्रस, काबिलिया, मटाबेलेलँड, जपानमधले कोरियन, पंजाब, तमिळ ईलम. यजमान होता बरावा, म्हणजे सोमालियातलं एक बंदर, आणि त्याचे खेळाडू लंडनमध्येच वाढलेले. एनफिल्डच्या छोट्या मैदानावर अंतिम सामना शून्य-शून्य राहिला आणि पेनल्टीवर कारपाताल्याने उत्तर सायप्रसला ३-२ हरवलं. मी तिथे प्रेक्षक होतो. तिथे झालेल्या ओळखींतूनच पुढे अशा संघांच्या छोट्या फुटसाल स्पर्धांचं टेबल माझ्याकडे आलं, आणि दोन स्पर्धा तर पहिल्या ईमेलपासून शेवटच्या झाडूपर्यंत भरवायला लागलो. त्यातल्या संघांची नावं मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

हे लिहायचं कारण असं की आपल्याकडचेही काहीजण विचारतात, ‘असं काही आम्हाला भरवायचं असेल तर सुरुवात कुठून?’ सगळे चेंडूपासून सुरुवात करतात. माझं सांगणं, कागदापासून करा.

फुटसालच का

पैसे. दुसरं कारण शोधू नका. अकरा जणांच्या फुटबॉलला तेवीस खेळाडू आणि पाच-सहा बाकीचे, म्हणजे जवळपास तीस विमान तिकिटं. फुटसालला बारा खेळाडू आणि तिघं, पंधरात भागतं. ज्या संघाला सरकार नाही, त्याला अनुदानही नाही. तिकिटाचे पैसे कुणाच्या तरी हॉटेलातून, टॅक्सीतून, वर्गणीतून येतात. शिवाय हॉल असला की पावसाची चिंता नाही, आणि शे-दोनशे माणसं आली तरी हॉल भरलेला वाटतो.

फुटसाल आणि असे मान्यता नसलेले संघ यांची जुनी ओळखही आहे. २००६ मध्ये उत्तर सायप्रसमध्ये एल्फ कप नावाची स्पर्धा झाली होती. तिला किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान हे फिफाचे सदस्यही आले, पण त्यांनी पाठवले ते आपले फुटसालचे संघ. बाकी क्रिमिया, गागाउझिया, ग्रीनलँड, तिबेट, झांझिबार असे पाहुणे होते. फुटसालला अशी मागच्या दाराची सोय पूर्वीपासून आहे.

मात्र एक गोष्ट पहिल्याच पत्रात लिहा: नियम कुठले. फुटसालची घराणी दोन आहेत. एक फिफाचं. दुसरं जुनं दक्षिण अमेरिकी, ज्याचा कारभार आता एएमएफ ही वेगळी संघटना बघते. माँटेव्हिडिओत १९३० साली हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने हा खेळ मांडला, त्या परंपरेला हे दुसरं घराणं जास्त जवळचं. त्याच्या दारात प्रांतांनाही मज्जाव नाही. २००८ मध्ये रेउस गावात त्यांचा महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो कातालोनियाने जिंकला, आणि अंतिम सामन्यात समोर गालिसिया होती. म्हणजे स्पेनचेच दोन प्रांत. तर, फिफाच्या नियमात चेंडू बाहेर गेला की रेषेवर ठेवून पायाने आत मारायचा, दुसऱ्या घराण्यात हाताने टाकायचा. एका संघाची सवय एक, समोरच्याची दुसरी, आणि मधे रेफरी. मी हे बघितलं आहे. पहिल्या पाच मिनिटांत तीनदा चेंडू समोरच्यांना द्यावा लागला आणि त्यांचा प्रशिक्षक नियमांचं स्वतःचं पुस्तक घेऊन टेबलापाशी आला. त्याचं पुस्तक खरंच होतं, फक्त आमचं नव्हतं.

नाव, झेंडा, गीत

आता खरं काम. प्रत्येक संघाला एक पानाचा फॉर्म पाठवा आणि त्यात पहिलाच प्रश्न: तुमचं नाव काय लिहायचं? तुमच्या लिपीत, इंग्रजीत, आणि तीन अक्षरांत. ही तीन अक्षरं विसरू नका. हॉलमधल्या बहुतेक जुन्या स्कोअरबोर्डांवर तीनच अक्षरं बसतात. पहिल्या स्पर्धेत मी शहाणपणा करून माझ्या मनानेच अक्षरं ठरवली आणि आदल्या रात्री बोर्डात भरून ठेवली. सकाळी एका संघाचे मॅनेजर आले, बोर्डाकडे बघितलं, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, ‘ही अक्षरं आमच्या गावावर राज्य करणाऱ्यांच्या गाड्यांच्या पाटीवर असतात.’ मला घाम फुटला. बोर्डाच्या त्या रिमोटवर एक अक्षर बदलायला अकरा वेळा बटण दाबावं लागतं. मी ते दाबत होतो आणि ते शांतपणे शेजारी उभे होते.

त्यामुळे नियम साधा ठेवा. संघ स्वतःला जे म्हणवतो तेच सगळीकडे: बोर्डावर, कार्यक्रमपत्रिकेत, निवेदकाच्या तोंडी. तुमचं राजकीय मत काय, नकाशा काय म्हणतो, हे बाजूला. त्याचबरोबर पत्रिकेच्या पहिल्या पानावर एक वाक्य छापा: या नावांवरून आयोजकांची कुठलीही राजकीय भूमिका ठरत नाही. हे वाक्य संघांसाठी नाही. हॉलच्या मॅनेजरच्या टेबलावर कुणा दूतावासाचं किंवा नगरसेवकाचं पत्र येतं, त्या दिवसासाठी ते आहे. पत्र येतंच. हॉल भाड्याने घेतानाच मॅनेजरला सगळी नावं लेखी द्या. ‘आंतरराष्ट्रीय कम्युनिटी स्पोर्ट्स’ असं मोघम लिहून हॉल मिळवलेला आणि स्पर्धेच्या चार दिवस आधी गमावलेला एक आयोजक माझ्या ओळखीचा आहे.

झेंडे संघाकडूनच मागवा, आणि वरची बाजू कुठली ते झेंड्यालाच खडूने खूण करून द्यायला सांगा. इंटरनेटवरून छापून घेऊ नका. एकाच लोकांचे तीन-तीन झेंडे असतात, आणि त्यातला कुठला कुणी फडकावायचा यावरून त्यांच्यातच भांडण असतं. दुसरं, काही झेंडे यजमान देशात बंदी असलेल्या संघटनेच्या चिन्हाच्या फार जवळ जातात. फॉर्मसोबत झेंड्याचं चित्र मागवा आणि स्थानिक पोलिसांच्या कार्यक्रम विभागाला आधी दाखवा. हे संघाला अपमानास्पद वाटू शकतं. म्हणून सगळ्यांचेच दाखवा, एकट्याचा नको.

राष्ट्रगीताची फाइलही त्यांच्याकडूनच घ्यायची, आदल्या संध्याकाळी मॅनेजरसमोर वाजवून बघायची, आणि दीड मिनिटाची मर्यादा सगळ्यांना सारखी. ऐनवेळी फाइल चालली नाही तर गडबडू नका. माइक कर्णधाराच्या हातात द्या. आमच्याकडे एकदा असंच झालं. पेनड्राइव्ह बोर्डाच्या यंत्राने वाचलाच नाही, तर पोरांनी माइकसुद्धा नाकारला आणि तसंच म्हटलं. बेसूर म्हटलं, पण त्या दिवशी कुणी खुर्चीवर बसून राहिलं नाही.

खेळाडू कुणाचा

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये वाढलेल्याला हा प्रश्न नवा नाही. पेठेच्या संघात पेठेबाहेरचा घेतला की चहाच्या गाड्यावर महिनाभर तोच विषय. इथे पेठेच्या जागी देश आला, आणि कागदपत्रं देणारी कचेरी मात्र नाही.

मी सुचवतो ते असं. खेळाडूचा जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबा, किंवा पाच वर्षांचं वास्तव्य, यापैकी एक धागा पुरे. पुरावा म्हणून जे असेल ते: जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला, निर्वासितांचं ओळखपत्र, समाजाच्या मंडळाचं पत्र. आणि कागद बघायचा नि परत द्यायचा. झेरॉक्स काढायची नाही, फोटो काढायचा नाही, कुठल्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये तर मुळीच ठेवायचा नाही. रजिस्टरमध्ये ‘पाहिला’ एवढं लिहून दोघांनी सह्या करायच्या.

एवढी काळजी का? २०१८ चा तो विजेता संघ, कारपाताल्या, म्हणजे युक्रेनच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्या हंगेरियन लोकांचा संघ. चषक जिंकल्यावर काही दिवसांत युक्रेनच्या क्रीडामंत्र्यांनी त्या खेळाडूंची सुरक्षा यंत्रणेने चौकशी करावी अशी मागणी केली. पोरं फुटबॉल खेळून घरी परतत होती. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावामागे असं एक घर असू शकतं. म्हणून फॉर्मवर दोन चौकोन ठेवा: ‘माझं पूर्ण नाव छापलं तर चालेल’ आणि ‘माझा फोटो काढला तर चालेल’. ज्याने नाही म्हटलं त्याच्या मनगटाला केशरी पट्टी बांधा, म्हणजे फोटोग्राफरला धावत्या खेळातही दिसते. व्हिडिओ थेट दाखवणार असाल तर कॅमेरा वरून, लांबून, पूर्ण कोर्ट दिसेल असा लावा. गोल झाला की चेहऱ्याजवळ जायची कॅमेरावाल्यांना खोड असते. ती आधीच मोडा.

यादी बंद करण्याची वेळ ठरवा आणि मग देव आला तरी उघडू नका. लंडनला २०१८ मध्ये यावरूनच मोठा घोळ झाला. आइल ऑफ मॅनचा संघ, जो एलन व्हॅनिन या नावाने खेळतो, त्याने बरावाच्या एका खेळाडूच्या उशिरा झालेल्या नोंदणीला हरकत घेतली, निर्णय पटला नाही, आणि तो संघ स्पर्धा सोडून गेला. बरोबर कोण होतं यात मी पडत नाही. पण आदल्या रात्रीच्या मॅनेजरांच्या बैठकीत प्रत्येकाने दुसऱ्या सगळ्या संघांच्या यादीवर सही केली असती तर हरकत तिथेच, चहाच्या कपावर निघाली असती. आमच्याकडे आठ संघ असले की आठ याद्या आणि प्रत्येकीवर आठ सह्या. चौसष्ट सह्यांना पाऊण तास लागतो. लागू द्या.

व्हिसा

हा भाग मी थोडक्यात सांगणार होतो, पण इथेच सगळ्यात जास्त स्पर्धा मरतात.

थंडी पडली की कोल्हापुरात, पुण्यात स्वेटर विकायला तिबेटी यायचे, अजूनही येतात. लहानपणी मला वाटायचं ते हिमालयातून थेट येतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची नॉर्गेलिंग नावाची वसाहत आहे, म्हणजे ते आपल्याच महाराष्ट्रात राहतात, हे मला लंडनमध्ये एका तिबेटी पोराकडून कळलं. त्याचा मामा तिथे शेती करतो. तर भारतात जन्मलेल्या त्याच्यासारख्या बहुतेकांकडे भारतीय पासपोर्ट नसतो. पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखप्रमाणपत्र असतं, भारत सरकारने दिलेलं. ते हातात घेतल्यावर खिडकीतला माणूस आधी ते उलटसुलट करून बघतो. ते पुस्तक असलं की परत येऊ देण्याची परवानगीही आधीच घ्यावी लागते, नाहीतर व्हिसा देणारा विचारतो, हा माणूस परत कुठे जाणार? २०१७ मध्ये तिबेटच्या मुलींच्या संघाला टेक्सासमधल्या एका स्पर्धेचं आमंत्रण होतं आणि अमेरिकेच्या दूतावासाने बहुतेकींचे व्हिसा नाकारले. मुलाखतीला त्या सगळ्या मिळून गेल्या होत्या.

म्हणून आमंत्रणाचं पत्र स्पर्धेच्या सहा महिने आधी द्या. पत्र संघाला एक आणि प्रत्येक खेळाडूला वेगळं. त्यात राहणं कुठे, जेवण कुणाचं, परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं, आणि आयोजकाचा असा फोन जो कामाच्या वेळेत माणूस उचलतो. खेळाडूच्या पासपोर्टवर देशाचं जे नाव आहे तेच व्हिसाच्या पत्रात लिहा, संघाचं नाव पुढच्या ओळीत. इथे अभिमान आड येऊ देऊ नका. हे मी संघांना तोंडावर सांगतो: बोर्डावर तुमचं नाव, व्हिसाच्या अर्जावर पासपोर्टचं.

आणि तुम्हीच कुठे भरवताय याचाही विचार करा. जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियाने कोनिफाचा २०१६ चा विश्वचषक भरवला, तो जिंकलाही, पंजाबला पेनल्टीवर हरवून. पण रशियाच्या बाजूने अबखाझियात शिरणं हा जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा. कोनिफाची २०१९ ची युरोपियन स्पर्धा आर्तसाखमध्ये, म्हणजे अझरबैजानपासून फुटलेल्या आर्मेनियन लोकांच्या नागोर्नो-काराबाखमध्ये, स्तेपानाकर्तला झाली. तिथे परवानगीशिवाय गेलेल्यांची नावं अझरबैजान तेव्हा काळ्या यादीत टाकायचं. आज तो यजमानच उरलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जवळजवळ सगळी आर्मेनियन वस्ती तिथून निघून गेली. एखाद्या संघाचा फोन लागला नाही तर लगेच बेजबाबदार म्हणू नका, एवढंच.

दोन राखीव संघ ठेवा, शक्यतो जवळपास राहणारे. लंडनच्या वेळी किरिबातीच्या जागी तुवालू आला, फेलविदेकच्या जागी सेकेलीलँड. फुटसालचा फायदा असा की बारा जणांचा संघ एखाद्या मोठ्या शहरातल्या वस्तीतून दोन आठवड्यांत उभा राहतो.

ड्रॉ आणि वेळापत्रक

ड्रॉ काढताना कुणाला कुणापासून लांब ठेवायचं हे आधी ठरवायला लाजू नका. युरोपच्या फुटबॉलचा कारभार बघणारी युएफासुद्धा तेच करते. २०१३ मध्ये जिब्राल्टर, ज्यावर स्पेन हक्क सांगतो, सदस्य झालं तेव्हा स्पेन आणि जिब्राल्टर एका गटात येणार नाहीत अशी सोय त्यांनी केलीच. फक्त तुमची ‘लांब ठेवायची’ यादी ड्रॉच्या आधी सगळ्यांना दाखवा. नंतर कळलं की वास येतो.

आठ संघ, चार-चारचे दोन गट. गटात बारा सामने, मग पहिल्या चारांचे आणि खालच्या चारांचे उपांत्य सामने मिळून चार, आणि शेवटी जागा ठरवणारे चार. एकूण वीस. खालच्या चारांना तिसऱ्या दिवशी घरी पाठवू नका. तीन महिने वर्गणी गोळा करून आलेल्याला पाच तरी सामने मिळायला हवेत. फुटसालचा सामना वीस-वीस मिनिटांचा, पण घड्याळ चेंडू थांबला की थांबतं, म्हणून प्रत्यक्षात सव्वा तास जातो. नव्वद मिनिटांचा खाचा धरा. मग वीस खाचे म्हणजे तीस तास. रोज चार सामने ठेवले तर पाच दिवस लागतात, सगळ्यांना आराम मिळतो, आणि हॉटेलची एक रात्र वाढते. सहा-सहा, मग चार-चार केले तर चार दिवसांत उरकतं, पण पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक संघाला कधीतरी दिवसात दोनदा खेळावं लागतं. मी चार दिवसांच्या बाजूचा आहे, कारण यातली निम्मी पोरं रजा काढून आलेली असतात. दोन सामन्यांत निदान चार तास ठेवा म्हणजे झालं. वेळ वाचवायला घड्याळ सतत चालतं ठेवायचा मोह होतो. तो आवरा, हवं तर पंधरा-पंधरा मिनिटांचे अर्ध खेळवा. घड्याळ चालतं असलं की एक गोलने पुढे असलेला संघ बुटाची नाडी बांधत बसतो, आणि या स्पर्धांत अशी नाडी दोन समाजांमधलं भांडण होऊ शकते.

रेफरींचंही आधी बघा. नोंदणीकृत रेफरीला संलग्न नसलेल्या सामन्यात शिट्टी वाजवायला त्याच्या संघटनेची आडकाठी असू शकते. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी लेखी विचारलेलं बरं. त्याचा परवाना गेला तर तुम्ही परत देऊ शकणार नाही.

हॉल, टेप, चेंडू

कोर्ट चाळीस बाय वीस मीटर मिळालं तर उत्तम. हॉलच्या जमिनीवर बास्केटबॉल, बॅडमिंटन, व्हॉलीबॉलच्या रेषांचं जाळं असतं, त्यात फुटसालची रेषा असेलच असं नाही. एकाच रंगाचा, जमिनीवर नसलेला टेप घ्या. गोलसमोरचा तो अर्धगोल आखायची युक्ती: सहा मीटरची सुतळी, एक टोक गोलपोस्टच्या बाहेरच्या कडेला धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू. दोन्ही पोस्टवरून पाव-पाव वर्तुळ, आणि मधे ती जोडणारी ३.१६ मीटरची सरळ रेघ. गोल तीन मीटर आणि दोन्ही पोस्टची जाडी आठ-आठ सेंटिमीटर, म्हणून ३.१६. पेनल्टी सहा मीटरवर, दुसरी खूण दहा मीटरवर. गोलपोस्टला मागून वजन बांधा. हलका पोस्ट एखाद्या पोरावर आडवा झाला तर बाकी सगळं राहूनच गेलं.

संघांना कळवा: काळ्या तळव्याचे बूट चालणार नाहीत, सोलचा डाग पडला तर हॉल अनामत कापतो. हे लिहूनही एक संघ गवतावरचे बूट घेऊन येतोच. आम्ही गावातल्या धर्मादाय दुकानांतून सात जोड जमवले होते, दोन लहान पडले.

चेंडूचं मात्र मनावर घ्या. फुटसालचा चेंडू चार नंबरचा, ४०० ते ४४० ग्रॅमचा, आणि कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला की पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच्या आत हवी. एकदा चेंडू आणायचं काम आम्ही एका उत्साही कार्यकर्त्याला दिलं. त्याने चार नंबर बघून घेतले, पण ते मुलांचे साधे फुटबॉल. आदल्या रात्री दहाला मी भिंतीला दोन मीटरवर एक टेप लावला, गुडघ्याच्या वर पासष्टवर दुसरा, आणि खुर्चीवर चढून चेंडू सोडला. तो माझ्या कमरेपर्यंत आला. दुसरा सोडला, तोही. दहाच्या दहा. सकाळी साडेनऊला पहिला सामना. शेवटी एका विद्यापीठाच्या क्लबच्या पोराने रात्री बाराला त्याच्या गाडीतून सहा चेंडू आणून दिले. आता मी तो भिंतीवरचा टेप स्पर्धेच्या एक आठवडा आधी लावतो.

टेबल

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण हे माझं घर आहे.

टेबल मध्यरेषेच्या समोर, बदली खेळाडूंच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध. टेबलावर दोघं हवेत: एक घड्याळावर आणि एक कागदावर. एकट्याने दोन्ही केलं तर कधीतरी घड्याळ चालू राहतं आणि शेवटच्या मिनिटाचे चार सेकंद कुठे गेले याचा हिशेब देता येत नाही. चेंडू रेषेबाहेर गेला की थांबव, पायाने आत आला की चालू. फाउल प्रत्येक अर्धात मोजायचे. पाचवा झाला की टेबलावर त्या संघाच्या बाजूला खूण उभी करायची, कारण सहाव्यापासून समोर खेळाडूंची भिंत न लावता दहा मीटरवरून थेट फटका मिळतो. ही खूण मोठी ठेवा. प्रशिक्षक म्हणतातच, आम्हाला सांगितलं नाही. एखाद्याला बाहेर काढलं तर दोन मिनिटांनी किंवा गोल खाल्ल्यावर बदली आत येतो. ती दोन मिनिटं स्वतंत्र घड्याळावर मोजायची, तोंडी नाही. कोनिफाने २०१८ मध्ये हिरवं कार्ड आणलं होतं: हुज्जत घातली किंवा पडायचं नाटक केलं की त्या खेळाडूला बाहेर जावं लागतं, बदली असेल तर आत येतो. फुटसालमध्ये बदल्या अमर्याद, त्यामुळे मला त्याची गरज वाटली नाही. पण कल्पना चांगली आहे, आणि शब्दाने आधी समजावणाऱ्या रेफरीच्या हातातच ती शोभते.

निवेदकाला प्रत्येक नाव कसं उच्चारायचं ते मॅनेजरकडून वदवून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. सामन्याआधी एकदा ऐकवा. नाव चुकलं की पोरगं टेबलाकडे बघतं. काही बोलत नाही, पण बघतं.

स्कोअरशीटच्या तीन प्रती निघतात: दोन संघांना, एक आयोजकांना. तुम्ही चार काढा. गेल्या खेपेला शेवटच्या दिवशी, मी घड्याळाच्या वायरी गुंडाळत असताना, सातव्या-आठव्या जागेच्या सामन्यातल्या एका पोराची आजी टेबलापाशी आली. तो कागद मिळेल का, म्हणाली. चष्मा हॉटेलात राहिला होता, म्हणून वाचून दाखवायला सांगितलं. मी संघाचं नाव वाचलं, तारीख वाचली, मग नातवाचं नाव आणि गोल, चौथं मिनिट. तिने हात धरून थांबवलं. आडनाव परत वाच. मी वाचलं. त्यात एक ‘एच’ कमी होता. मी पेनाने तो घातला, बाजूला रेफरीची सही घेतली, आणि खाली माझी केली, जशी दुरुस्तीवर करायची असते.